बोटीवर पाठवण्याआधी



आज बोलायचं आहे बोटीवरच्या नोकरीबद्दल. बोट म्हणजे मासेमारीची नाही, माल वाहणारी मोठी जहाजं. आपल्या किनारपट्टीवर हा विषय नवा नाही. कोकणातल्या कितीतरी गावांत एखादं तरी घर ‘बोटवाल्याचं घर’ म्हणून ओळखलं जातं. पूर्वी काका किंवा मामा बोटीवर असायचा, तोच पोराला मुंबईला घेऊन जायचा. आता तसं होत नाही. आता शिक्षण लागतं, कागद लागतात आणि वाटेत दलाल भेटतात. म्हणून हा विषय बचत गटाचा झाला आहे. पोराला पाठवायला पैसे लागतात, आणि ते पैसे मागायला आई आपल्याच बैठकीत येते.

आमच्या एका गटात तसंच झालं. महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी दीड लाखाचं कर्ज मागितलं. मुलगा दहावी झालेला. मुंबईकडच्या कोणा एजंटाने सांगितलं होतं, कोर्स नको, परीक्षा नको, तीन लाख द्या, दीड महिन्यात दुबईहून बोट पकडायची, पगार महिना लाख रुपये. दीड लाख गटाने द्यायचे आणि उरलेल्यासाठी ताई पाटल्या मोडणार होत्या. गटाची सगळी शिल्लक मिळून एक लाख ऐंशी हजार होती. पण पोराचं भलं होतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? ठराव लिहायला वही उघडली गेली.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका मावशी म्हणाल्या, “थांबा. माझ्या पुतण्याचं विसरलात का?”

विसरलो नव्हतो, पण आठवायला नको होतं. चार वर्षांपूर्वी मावशींच्या पुतण्यासाठी याच गटाने साठ हजार दिले होते. तेव्हा आम्हीही त्या बैठकीत होतो. एजंटाचं नाव विचारलं नाही, परवाना विचारला नाही, कागद पाहिले नाहीत. मुलगा पर्यटक व्हिसावर परदेशी गेला, एका खोलीत दहा जणांबरोबर दोन महिने बसला आणि घरून तिकिटाचे पैसे मागवून परत आला. बोट त्याने लांबूनसुद्धा पाहिली नाही. कर्ज मावशींनी फेडलं, दर महिन्याला हप्ता भरून, व्याज धरून तीन वर्षं. फसवणूक एजंटाची, हे खरं. पण वही आमच्या हातात होती, चूक आमचीही होती.

म्हणून या वेळी ठराव केला तो आठ दिवस थांबण्याचा. त्या आठ दिवसांत आम्ही तालुक्याला गेलो, बोटीवरून निवृत्त झालेल्या एका सारंगांना भेटलो, संगणकावर सरकारी माहिती काढून वाचली. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर कागद-पेन घेऊन बसा.

पहिली गोष्ट. भारतात बोटीवरच्या नोकरीचं सगळं कामकाज नौवहन महासंचालनालय बघतं. हे केंद्र सरकारचं कार्यालय मुंबईत आहे. लोक त्याला डीजी शिपिंग म्हणतात. दहावी झालेल्या मुलाने खलाशी म्हणून सुरुवात करायची तर या कार्यालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत सहा महिन्यांचा निवासी कोर्स करावा लागतो. त्याला जीपी रेटिंग म्हणतात. दहावीला विज्ञान, गणित आणि इंग्रजी हे विषय हवेत, एकूण किमान 40 टक्के आणि इंग्रजीतही किमान 40 टक्के. वय साधारण साडेसतरा ते पंचवीस. नियम वरचेवर बदलतात, म्हणून त्या वर्षीचे नियम वाचूनच अर्ज करायचा. तुकड्या साधारणपणे जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात.

स्वयंपाकाची आवड असणाऱ्याला बोटीवरच्या खानपानाचा वेगळा सहा महिन्यांचा कोर्स आहे. आणि बारावीला भौतिक, रसायन, गणितात चांगले गुण असतील तर खलाशी कशाला, अधिकारी होण्याची वाट धरावी. त्यासाठी भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असते.

संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, हे संस्थेच्या जाहिरातीवरून ठरवायचं नाही. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर यादी असते, तिथे नाव बघायचं. आपल्या राज्यातही जुन्या संस्था आहेत. रायगड जिल्ह्यातलं न्हाव्याचं टी. एस. रहमान 1910 सालापासूनचं आहे.

दुसरी गोष्ट, आणि ही सगळ्यात कामाची. फी भरण्याआधी डॉक्टरी तपासणी. महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच ती करायची. खलाशाची नजर चांगली लागते आणि रंग ओळखता आले पाहिजेत. रात्री समुद्रात समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, यावरून ते कुठल्या बाजूला चाललं आहे ते कळतं. ज्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्याला पहारा देता येत नाही. अनेक मुलांना आपल्याला हा दोष आहे हे माहीतच नसतं. फी भरून झाल्यावर कळलं तर पैसे बुडाले. तपासणीचा खर्च त्या मानाने थोडका असतो.

तिसरी गोष्ट कागदांची. पासपोर्ट काढायला वेळ लागतो, म्हणून तो आधी काढा. दाखल्यावरचं, आधारवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर एकच हवं. प्रत्येक दर्यावर्दीला सरकारी नोंदणीचा एक क्रमांक मिळतो, त्याला इंडॉस क्रमांक म्हणतात. समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, स्वतःची सुरक्षितता आणि जहाजाची सुरक्षा यांचं शिक्षण घ्यावं लागतं. मग सीडीसी मिळतं. ते पासपोर्टसारखं पुस्तक असतं, त्यात कुठल्या बोटीवर किती दिवस काम केलं याची नोंद होते. पण ताईंनो, सीडीसी म्हणजे नोकरी नव्हे. “सीडीसी काढून देतो, मग बोट पक्की,” असं कोणी म्हणालं तर उठून घरी या.

चौथी गोष्ट एजंटाची. भारतात जहाजावर माणसं भरणाऱ्या कंपनीला महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. परवाना क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर तपासा. अशा कंपनीला नोकरी लावण्याबद्दल उमेदवाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. जगभरच्या दर्यावर्दींसाठी 2006 साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने तो 2015 साली मान्य केला. त्यानुसार पासपोर्ट, सीडीसी आणि डॉक्टरी दाखल्याचा खर्च उमेदवाराचा, पण व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. काम संपल्यावर घरी परत आणण्याचा खर्चही मालकाचा.

म्हणून बोटीवर चढण्याआधी हातात करारपत्र हवं. त्यात जहाजाचं नाव, त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक, पगार, मुदत आणि परतीचं लिहिलेलं हवं. त्याची एक प्रत घरी ठेवा. पर्यटक व्हिसावर या म्हणणारा माणूस बोटीवर पाठवत नसतो, हे मावशींच्या पुतण्याने आपल्या सगळ्यांच्या वतीने शिकून घेतलं आहे.

आता पैशांचं. कोर्सची फी राहण्या-जेवणासकट काही लाखांत जाते. बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळतं का, ते आधी विचारा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागत नाहीत. गटाची सगळी शिल्लक एकाच घरात घालू नये, पाटल्याही शेवटी मोडाव्यात. आम्ही त्या ताईंना पासपोर्ट, तपासणी आणि गणवेशापुरते पंधरा हजार दिले, फी बँकेच्या कर्जातून भरली.

आणि घरातल्यांनी हे धरून चालायचं की कोर्स झाला म्हणजे लगेच बोट मिळाली असं नसतं. ताईंचा मुलगा सात महिने थांबला. तेवढे दिवस त्याने आंब्याच्या पेट्या भरल्या आणि ताईंनी त्याला टोमणा मारला नाही. हेही मदतच करणं आहे. कारण याच दिवसांत घरच्यांचं बोलणं ऐकून मुलं पुन्हा दलालाच्या दारात जातात.

पहिल्या बोटीवर पगार लाख रुपये नसतो, शिकाऊ माणसाचा असतो. आणि साधारणपणे खलाशाला बोटीवर असेल तेवढेच महिने पगार मिळतो, उतरला की बंद. नऊ महिन्यांची कमाई पुढची बोट मिळेपर्यंत पुरवायची. पगाराचा भाग थेट घरच्या खात्यावर पाठवता येतो. त्या खात्यात आईचं किंवा बायकोचं नाव असू द्या, आणि आलेल्या पैशातून आधी कर्जाचा हप्ता, मग घराचा रंग.

काम कष्टाचं आहे. गंज खरवडायचा, रंग लावायचा, मनगटापेक्षा जाड दोर ओढायचे, रात्री पहारा द्यायचा. पण नियमही आहेत. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. अनुभव वाढला की पक्का खलाशी आणि पुढे सारंग होता येतं.

हे सगळं गटात सांगून झालं, तेव्हा दारात उभ्या असलेल्या एका मुलीने विचारलं, “मुलींना घेतात का?” काहीजणी हसल्या. पण घेतात. बोटीवर मुली अजून थोड्या आहेत, म्हणून कंपनी कोणती, बोटीवर आणखी बाई आहे का, तक्रार कोणाकडे करायची, हे आधी विचारून घ्यावं. आणि घरात हे नाव सांगावं: कॅप्टन राधिका मेनन. भारतातल्या व्यापारी जहाजावरच्या त्या पहिल्या महिला कॅप्टन. जून 2015 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यापासून दूर बंगालच्या उपसागरात एक मासेमारी बोट बुडत होती. राधिकाताईंनी आपलं मोठं जहाज वळवलं आणि खवळलेल्या समुद्रातून सात मच्छीमारांना वर घेतलं. समुद्रातल्या शौर्याचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना 2016 साली मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्या सात जणांच्या घरी वाट बघणाऱ्या बायका आपल्यासारख्याच होत्या.

ताईंचा मुलगा आता बोटीवर आहे. बंदर आलं की फोन करतो. मधल्या दिवसांत फोन नाही आला तर ताई बैठकीत गप्प बसतात, आणि मावशी त्यांच्या शेजारी जाऊन बसतात.

तुमच्या पुढच्या बैठकीत कोणी बोटीसाठी कर्ज मागितलं, तर ठराव लिहिण्याआधी चार प्रश्न विचारा. संस्था यादीत आहे का? तपासणी झाली का? परवाना क्रमांक कुठे आहे? पैसे नेमके कशाचे मागतायत? उत्तरं मिळेपर्यंत वही मिटून ठेवा. आठ दिवसांनी कुठलीही खरी बोट चुकत नाही.