न पुसता येणारी वही



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि संघटनेच्या कचेरीत पुष्कळ झाले. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण करणार नाही, या भरवशावरच आम्ही येथे उभे आहोत. विषय मात्र नवा घेतला आहे. गेल्या दहाएक वर्षांत संगणकाच्या जाळ्यावर लेखकांच्या काही वसाहती उभ्या राहिल्या. तेथे संपादक नाही, प्रकाशक नाही. वाचक मत देतात, त्या मतांवर लेखकाला मोबदला मिळतो, आणि सगळा हिशेब ब्लॉकचेन नावाच्या वहीत नोंदला जातो. अशा एका वसाहतीत आम्ही काही महिने राहून आलो. तिचे नाव सांगत नाही. कारण जे सांगायचे आहे ते तिच्यापेक्षा आमच्याविषयी अधिक आहे.

आम्ही तेथे गेलो कशासाठी? पैशाचा मोह मुळीच नव्हता असे म्हटले तर ते खोटे होईल. पण खरी ओढ होती ती वहीची. आमची सारी हयात हजेरीपटाशी भांडण्यात गेली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली वर्षात २४० दिवस भरले, की कामगाराला काही संरक्षण मिळत असे. म्हणून कित्येक ठिकाणी ते २४० भरूच द्यायचे नाहीत, अशी तजवीज असे. एका कंत्राटी कामगाराचे प्रकरण आम्ही चालवले. तो वर्षभर कामावर होता. पटावर मात्र त्याचे दिवस कमी पडले. सुनावणीत तो बापडा एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलत राहिला, ‘साहेब, मी होतो की!’ पण वही मालकाची, शाई मालकाची आणि खोडरबरही मालकाचेच. प्रकरण आम्ही हरलो. ते वाक्य अजून आमच्या कानांतून गेलेले नाही.

पुढे आमच्या कचेरीत एका जुन्या सभासदाचा मुलगा येऊ लागला. संगणकाचे काम करणारा, हुशार. एके दिवशी तो म्हणाला, ‘काका, तुम्ही नेहमी ज्या वहीची गोष्ट काढता ना, तशी वही आता निघाली आहे. ती कोणालाही पुसता येत नाही.’ आम्ही म्हणालो, ‘समजावून सांग.’

त्याने सांगितले ते आमच्या भाषेत असे. समजा, गावातल्या पतपेढीची वही एकाच कपाटात न ठेवता तिच्या शंभर नकला शंभर घरांत ठेवल्या. नवीन पान लिहिले की ते शंभरही ठिकाणी उतरते. शिवाय प्रत्येक पानावर मागच्या पानाचा एक ठसा असतो. मागचे एक अक्षर जरी बदलले, तरी तो ठसा जुळेनासा होतो आणि लबाडी उघडी पडते. पानामागे पान असे साखळीसारखे जोडलेले, म्हणून नाव ब्लॉकचेन. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या गृहस्थाने बिटकॉइनची योजना प्रसिद्ध केली आणि २००९ च्या जानेवारीत तिची वही सुरू झाली. पुढे ही युक्ती इतरांनी आपापल्या कामाला लावली. लेखकांच्या वसाहती त्यांतल्याच.

हे ऐकून आम्हाला आमचा तो कामगार आठवला, आणि आम्ही नाव नोंदवले. एक लांबलचक किल्ली मिळाली. अक्षरे आणि आकडे यांची. ती हरवली तर जगातला कोणताही साहेब परत देऊ शकत नाही, अशी ताकीद होती. आम्ही ती दोन वह्यांत उतरवून ठेवली आणि लिहू लागलो. पहिला लेख रात्रपाळीच्या डब्यावर होता. पाठवला त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कोणाची परवानगी न मागता आमचे लिखाण छापले गेले होते, आणि ते कोणी खोडू शकणार नव्हते. त्या आनंदाची किंमत आम्ही आजही कमी करीत नाही.

त्या लेखाला साठांवर मते पडली. मोबदला मात्र एका चहाच्या कपाएवढाही नव्हता. त्याच दिवशी दुसऱ्या एका लेखाला अवघी चार मते पडली होती आणि त्याची कमाई आमच्या कितीतरी पट होती. आम्ही त्या मुलाला विचारले, ‘अरे, मोजणीत काही चूक तर नाही?’ तो हसून म्हणाला, ‘काका, इथे मते मोजत नाहीत, तोलतात.’ ज्याच्याजवळ त्या वसाहतीची नाणी अधिक, त्याचे मत अधिक जड. साठ हलक्या हातांपेक्षा एक जड हात भारी.

आता आपली कबुली देतो. हे कळल्यावर आम्ही बाहेर पडायला हवे होते, पडलो नाही. उलट जड हात कोणाचे ते हेरू लागलो. त्यांना काय आवडते ते पाहून तसे विषय घेऊ लागलो. रात्रपाळी गेली, डबा गेला. नाण्यांच्या भावावर आम्ही, ज्याला भावातले ओ की ठो कळत नाही, लेख लिहिले. आणि एकदा, थोडी नाणी दिली की जड मत मिळवून देणारी सोय तेथे आहे असे कळले, तेव्हा आम्ही ते मत विकत घेतले. लेख वर चढला. त्या रात्री आमच्या लक्षात आले, की संघटनेच्या निवडणुकीत मते विकत घेतली म्हणून ज्या माणसाला आम्ही स्वतः ठराव मांडून काढले होते, त्याच्या पंक्तीला आज आम्ही बसलो. आणि ही नोंद त्या वहीत आहे. ती पुसता येत नाही!

दोष आमचा होताच. पण रचनेचाही काही भाग आहे की काय, हे तपासावे म्हणून आम्ही या जातीच्या वसाहतींपैकी सर्वांत गाजलेल्या स्टीमचा इतिहास वाचून काढला. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी ती २०१६ साली सुरू केली. तेथेही मत तोलले जाई. वही सांभाळणाऱ्यांना साक्षीदार म्हणत. त्यांतले पहिले वीस प्रमुख, आणि त्यांची निवडही तोललेल्या मतांनीच होई. अगदी आरंभी नाण्यांचा मोठा साठा संस्थापक कंपनीकडे गेला होता. तो वसाहतीच्या वाढीसाठी आहे, निवडणुकीत वापरायचा नाही, असा समज होता.

२०२० च्या फेब्रुवारीत जस्टिन सन या धनिकाने ती कंपनीच विकत घेतली. साक्षीदारांना धास्ती वाटली आणि त्यांनी तो साठा गोठवला. मग २ मार्च २०२० रोजी काय झाले? बिनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या नाण्यांच्या पेढ्यांत लोकांनी आपली नाणी ठेवली होती. त्या ठेवींचे वजन मतदानाला लागले आणि बघता बघता प्रमुख साक्षीदार बदलले. ठेवीदाराला न विचारता त्याच्याच ठेवीने त्याच्याच वसाहतीचा कारभार उलटवला! ओरड झाल्यावर बिनान्स आणि हुओबी यांनी मते मागे घेतली. पण जे व्हायचे ते होऊन गेले होते.

यानंतर त्या लोकांनी जे केले, त्याचे आम्हा संपवाल्यांना फार नवल वाटते. गिरणीच्या फाटकाला टाळे लागले तर कामगाराला माग खांद्यावर टाकून नेता येत नाही. यांनी ते केले. वहीची नक्कल प्रत्येकाजवळ होतीच. ती घेऊन २० मार्च २०२० रोजी त्यांनी हाइव नावाची नवी वसाहत मांडली. लेख सोबत नेले, जमाखर्च सोबत नेला; कंपनीचा तो साठा मात्र नव्या वहीत धरला नाही. इकडे मे महिन्यात जुन्या स्टीमने विरोधात गेलेल्या काही खात्यांतली २ कोटी ३० लाखांहून अधिक नाणी काढून घेतली. म्हणजे वही पुसली गेली नाही. पण बहुमताचे वजन ज्याच्या हाती, त्याने पुढच्या पानावर हवे ते लिहिले. दोन्हीकडे लिहिले.

आणि नव्या घरात गेल्यावर मत मोजण्याचा नियम कोणता ठेवला? तोच; तोलण्याचा. एवढा मोठा संप केला, पण मागणीपत्रात मुख्य मागणी घालायची राहून गेली, असे आम्हाला वाटते.

कोणी म्हणेल, दुसरा नियम शक्य तरी आहे काय? संगणकावर एक माणूस शंभर नावे घेऊ शकतो, मग माणशी एक मत कसे देणार? ही अडचण खरी आहे, आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. पण माणूस ओळखण्याचे कष्ट टाळायचे म्हणून पैसा ओळखायचा, हा त्यावरचा तोडगा स्वस्त आहे, न्याय्य नाही. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल गावच्या विणकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दुकान काढले. त्यांच्या सहकारी भांडाराने सभासदाचा भाग लहान असो वा मोठा, मत एकच, हा रिवाज घालून दिला. आपल्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातही तेच तत्त्व आहे. त्या तत्त्वाचे आपल्याकडे काय धिंडवडे निघतात, ते आपण जाणताच. तरी सभेत हात वर झाले, की गरिबाचा हात कोणाला तोलता येत नाही, मोजावाच लागतो.

श्रोतेहो, ही वही वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. हजेरी, वेतन, जमिनीचे उतारे अशा वहीत लिहिले जाऊ लागले, तर आम्ही स्वागतच करू. ‘मी होतो की!’ म्हणणाऱ्या त्या माणसाला साक्षीदार मिळेल. पण खोटी हजेरी पहिल्याच दिवशी लिहिली, तर ती खोटीच कायम राहील, हेही विसरू नये. म्हणून कोणीही आपल्यापुढे न पुसणारी वही घेऊन आला, तर त्याला दोन प्रश्न विचारा. तिच्यात लिहितो कोण? आणि लिहिणाऱ्याला निवडताना आमचा हात मोजणार, की तोलणार?

आमचे ते विकत घेतलेले मत अजून तेथे आहे. परवा आम्ही तेथे एक शेवटचा लेख लिहिला. त्यात ही सारी हकीकत प्रांजळपणे मांडली आणि खाली सही केली. त्याला तीन मते पडली. तिन्ही हलकी. आम्ही ती मोजली.