विमानांची जुनी यंत्रे

बुलढाणा जिल्ह्यात खामगावच्या एखाद्या जिनिंग कारखान्यातील यंत्र बंद पडले, तर कपाशीतून सरकी काढण्याचे काम तेवढे थांबते. कारागीर येतो, दुरुस्ती होते, चाके पुन्हा फिरू लागतात. परंतु खाली अथांग समुद्र, विमानास यंत्र एकच, आणि तेच बंद पडले तर? गोव्यात बोगमाळो येथे १९९८ साली उघडलेल्या नौदलाच्या विमानसंग्रहालयात विमानांबरोबर जुनी यंत्रेही जतन केलेली आहेत. ती पाहताना हा प्रश्न मनात असावा.

तेथील फायरफ्लाय विमानाची जात ग्रिफन यंत्रावर चाले. त्याच्या बारा सिलिंडरांत इंधनाचा भडका उडे, दट्टे हलत आणि पंखा फिरे. सी हॉकच्या नीन यंत्रात दट्टेही नाहीत आणि पंखाही नाही. हवा आत घेऊन दाबावयाची, तीत इंधन जाळावयाचे आणि तप्त वायू वेगाने मागे सोडावयाचा, की विमान पुढे झेपावते. १९७१ च्या डिसेंबरात 'विक्रांत' नौकेवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले केले. नौकेकडे परतण्याची वाट समुद्रावरूनच होती, आणि प्रत्येक वैमानिकाचा भरवसा त्या एकाच यंत्रावर होता. पुढे सी हॅरियरच्या पेगॅसस यंत्राने आपली चार तोंडे खाली वळवून विमान नौकेवर सरळ उभे उतरविले. ते विमान २०१६ साली सेवेतून निवृत्त झाले.

वैमानिकाच्या शौर्याची कीर्ती होते, आणि ती योग्यच होय. परंतु उड्डाणापूर्वी यंत्राचा प्रत्येक खिळा तपासणाऱ्या कारागिराचे नाव कोणी विचारीत नाही. आता निःशब्द झालेली ही यंत्रे त्याच्याही निष्ठेची साक्ष देतात.