पोथीच्या व्यासपीठापासून लॅपटॉपच्या घोडीपर्यंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त देवनहळ्ळी येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्कृती, भाषा किंवा इतिहास यांवर बोलावे असा संकेत आहे. टिपू सुलतानाच्या जन्मगावी, या किल्ल्याच्या सावलीत, इतिहासाला तोटाही नाही. तरीही आम्ही आज एका अगदी घरगुती वस्तूविषयी बोलणार आहोत. ही वस्तू म्हणजे लॅपटॉप ठेवण्याची, हार्डवेअरच्या दुकानातील सामानातून घरी केलेली घोडी.

आमचे आयुष्य बंगळूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेले. एच. ए. एल., आय. टी. आय., एच. एम. टी., बी. ई. एल. अशा कारखान्यांमुळे आपल्यातील अनेक कुटुंबे या शहरात स्थिरावली, हे आपण जाणताच. निवृत्तीनंतर आम्ही उभयता मुलाकडे देवनहळ्ळीस राहावयास आलो. २००८ साली येथे विमानतळ सुरू झाला आणि द्राक्षांच्या व चकोत्यांच्या या गावाभोवती वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतलीच ही एक. घर सुखाचे होते. पण आमच्या हातांना काम नव्हते. पान्हा धरणारे हात रिमोट धरून बसले होते.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि कचेरी व शाळा दोन्ही एकाच जेवणाच्या टेबलावर आल्या. तीन-चार महिन्यांतच सूनबाईंची मान आखडू लागली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. नातवाची पाठ धनुष्यासारखी वाकली. डॉक्टरांनी औषध थोडे दिले, बसण्याविषयी मात्र पुष्कळ सुनावले.

यातील मर्म असे. माणसाचे डोके सुमारे पाच किलो वजनाचे असते. मान सरळ असता तो भार कण्यावर नीट तोलला जातो. मान पुढे झुकली की मानेवरील ताण वाढतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिताप्रमाणे १५ अंशांच्या झुकावाला हा ताण सुमारे १२ किलोंइतका, तर ६० अंशांना सुमारे २७ किलोंइतका होतो. लॅपटॉपची मूळ अडचण अशी की त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जखडलेले असतात. हात सुखात ठेवावे तर मान वाकते. मान सुखात ठेवावी तर हात उचलावे लागतात.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न नवा नव्हता. पोथी वाचताना मान दुखू नये म्हणून कात्रीसारखी उघडणारी लाकडी घोडी घरोघर असे. आमच्या घरी तिला व्यासपीठच म्हणत. पेढीवरच्या दिवाणजींपुढेही उतरते डेस्क असे. आम्ही मात्र आरंभी जाडजूड पुस्तकांची चळत रचून त्यावर लॅपटॉप ठेवला. खालची हवा कोंडून यंत्र तापले आणि एके दिवशी चळत घसरली. सुदैवाने नातवाने लॅपटॉप झेलला.

मग आम्ही जुन्या गावातील हार्डवेअरच्या दुकानी गेलो. ‘एष्टु?’ एवढ्या कानडीवर सौदा झाला. १८ मिलिमीटर प्लायवूडचा एक उरलेला तुकडा, आटे पाडलेली ८ मिलिमीटरची मीटरभर सळई, आठ नट, आठ वायसर, दोन छोटे लोखंडी कोन आणि चार रबरी बूच. सारे मिळून तीनशे रुपयांच्या आसपास.

कृती सोपी आहे. प्लायवूडच्या दोन सारख्या फळ्या कापाव्या: लांबी २५ सेंटीमीटर, पुढची उंची १२ आणि मागची १८. दोन्ही फळ्या एकावर एक धरून एकदमच भोके पाडावी, म्हणजे ती समोरासमोर येतात. एक भोक पुढे खाली, दुसरे मागे वर. सळईचे ३० सेंटीमीटरचे दोन तुकडे त्यांतून ओवावे आणि प्रत्येक फळीच्या आत एक व बाहेर एक असे नट, वायसर घालून, १३ नंबरच्या पान्ह्याने आवळावे. पहिल्या खेपेस आम्ही आतले नट गाळले आणि घोडी लटपटली, हे येथे प्रांजळपणे सांगतो. पुढे लॅपटॉप घसरू नये म्हणून कोन असे कसावे की ते वरच्या धारेपेक्षा सेंटीमीटरभर वर राहतील. खाली रबरी बूच, धारांना काचकागद, की झाले. मधली जागा मोकळी असल्याने हवा खेळते.

दोन पथ्ये मात्र पाळावी. कळफलक आणि माउस वेगळे घ्यावे, नाहीतर मान सुटते आणि मनगट धरते. आणि प्रथम माप माणसाचे घ्यावे, मग फळीचे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, कोपर काटकोनात राहावे. नातवासाठी आम्ही उंची चार सेंटीमीटरने कमी केली.

सूनबाईंना हळूहळू आराम पडला. त्याचे सारे श्रेय घोडीला नाही. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आणि दर अर्ध्या तासाने उठणे यांचाही त्यात वाटा आहे. पण एक गोष्ट निश्चित घडली. नातू आमच्याजवळ बसून गुण्या कसा लावावा हे शिकला. ‘आटे’, ‘वायसर’, ‘पान्हा’ हे शब्द त्याने पाठ्यपुस्तकात कधीच वाचले नसते. ते त्याच्या तोंडी आले. ‘आजोबा, तुम्ही कारखान्यात हेच करत होता?’ असे त्याने विचारले, तेव्हा चाळीस वर्षांची नोकरी त्याला प्रथमच दिसली असे आम्हांस वाटले.

परमुलखात भाषा टिकवावयाची म्हणजे केवळ गणेशोत्सवात नाटक बसवावयाचे नव्हे. ती हातांच्या कामातूनही टिकते. आपल्यात कितीतरी निवृत्त कारागीर आहेत आणि मान वाकवून बसलेली कितीतरी मुले आहेत. मंडळाने या दोघांची गाठ महिन्यातून एका रविवारी घालून द्यावी, एवढीच विनंती. करवत आणि पान्हे आम्ही आणू. फळी प्रत्येकाने आपापली आणावी.