संगणकाची मंदगति

नवी मुंबईंतील एखाद्या घरांत लॅपटॉप मंद चालूं लागला म्हणजे दोन मतें ताबडतोब निघतात. एक, त्यांत व्हायरस शिरला. दुसरें, तो जुना झाला, आतां नवा घ्यावा. कधीं कधीं हीं मतें खरींही ठरतात. पण यंत्राकडे न पाहतांच बनविलेल्या मतावर पन्नास हजार रुपये घालणें शहाणपणाचें नव्हे.

पहिला प्रश्न असा कीं, मंदपणा येतो केव्हां? केवळ संकेतस्थळें उघडण्यासच वेळ लागत असेल, आणि त्याच वायफायवर शेजारचा मोबाईलही रखडत असेल, तर दोष लॅपटॉपचा नसून इंटरनेटच्या जोडणीचा होय. यंत्र सुरू होतांनाच पांच-सात मिनिटें घुटमळत असेल, तर न सांगतां आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बहुधा त्याच्या मानेवर बसलेले असतात. विंडोजच्या यंत्रांत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर नांवाचा तक्ता उघडतो. असे प्रोग्रॅम तेथेंच बंद करतां येतात. प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांवरील भारही तेथेंच टक्केवारीनें दिसतो.

मेमरी म्हणजे कारकुनाचें मेज, आणि डिस्क म्हणजे तळमजल्यावरील दप्तरखाना. मेज भरलें कीं नव्या कागदासाठीं जुना खालीं नेऊन ठेवावा लागतो. मेमरींतून माहिती काढण्यास सेकंदाचा सुमारें एक कोट्यंश लागतो, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सुमारें एक शतांश, म्हणजे लाखपट! मेजावरील कागद एका सेकंदांत मिळत असेल, तर दप्तरखान्यांतला मिळण्यास २७ तासांहून अधिक लागतील. ब्राउझरमध्यें चाळीस पानें उघडीं ठेवणाऱ्या विद्यार्थ्यानें हें गणित एकदां करून पाहावें. ४ जीबी मेमरीच्या जागीं ८ बसविली, किंवा हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, तर नव्या यंत्राचा खर्च पुष्कळदां टळतो. मात्र कांहीं पातळ यंत्रांत मेमरी मूळ फळीसच जडविलेली असते. तें आधीं विचारावें.

अर्ध्या तासानें येणारा मंदपणा बहुधा उष्णतेचा असतो. प्रोसेसर सुमारें १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापूं लागला कीं स्वतःच्या रक्षणासाठीं आपण होऊन गति कमी करतो. खारघर-उलव्याकडील बांधकामांची धूळ पंख्याच्या जाळींत बसली, कीं आंतली ऊब बाहेर पडत नाहीं. ऐरोली-महापे पट्ट्यांतील डेटा सेंटरांत यंत्रें थंड ठेवण्यासाठीं अहोरात्र वीज खर्च होते. आणि त्याच शहरांत लॅपटॉप मात्र गादीवर, हवेचीं भोकें दाबून, ठेवला जातो!

विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्यानें यंत्र मंद होत नाहीं, कमी सुरक्षित होतें. दोन गोष्टी निराळ्या आहेत.

एका लक्षणाची मात्र हयगय करूं नये. डिस्कवर भार सतत १०० टक्के, प्रत्यक्ष वाचली जाणारी माहिती नगण्य, आणि आंतून टकटक आवाज, असें दिसल्यास तबकडी निकामी होत चालली आहे असें समजावें. खराब झालेला तोच भाग वाचण्याचा यंत्र पुनःपुन्हां प्रयत्न करीत असतें. अशा वेळीं सफाईचे प्रोग्रॅम चालवूं नयेत, फॉरमॅट तर मुळींच करूं नये. मुलांचीं छायाचित्रें, घराचीं कागदपत्रें प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावींत. दुरुस्तीचें दुकान त्यानंतर.