गावाचे गाणे व गावाचा कारभार
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली व विषय आमच्यावरच सोपविला. कविता, घराची ओढ आणि गावचे राजकारण या तिहींचा परस्परांशी संबंध काय, असे कोणीही विचारील. परंतु हा संबंध याच जिल्ह्यात, 2020 च्या जानेवारीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत उभा राहिला होता.

त्या महिन्याच्या 10, 11 व 12 या तारखांस तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीस तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते. उद्घाटक होते कविवर्य ना. धों. महानोर आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू या पदी कशास, म्हणून काहींनी विरोध केला. तरी संमेलन पार पडले. महानोर 2023 साली व दिब्रिटो 2024 साली आपणांतून गेले.

या दोघांचा विचार करावा. महानोर हे पळसखेडचे शेतकरी. त्यांच्या कवितेत रान आहे, पीक आहे, पाऊस आहे; आणि विधान परिषदेत जाऊन त्यांनी बाजू मांडली तीही शेतीची व पाण्याचीच. कवीचे विधिमंडळात काय काम, असे विचारणाऱ्यांस हेच उत्तर पुरे आहे.

दिब्रिटो यांची गोष्ट आपल्या अधिक जवळची. वसई म्हणजे केळीच्या बागा, फुलांचे मळे, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि बावखले. बावखल म्हणजे वाडीतील तळे. पावसाचे पाणी तेथे साठते व जमिनीत मुरते. पुढे इमारती आल्या. बावखले मातीने बुजू लागली, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. तेव्हा, 1980 च्या दशकाच्या अखेरीस, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली व ‘सुवार्ता’ मासिकाचे हे संपादक लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. आपल्या गावावर ज्याने प्रेमाने लिहिले, तो ते गाव बुजविले जात असता मुका कसा राहील? धर्मगुरूंनी राजसत्तेची पदे घेऊ नयेत असा ख्रिस्तसभेचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या नियमाने आमची जीभ बांधलेली नाही. तुमचे तर हातही मोकळे आहेत. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा आमची गावे वगळा, आमची ग्रामपंचायत आम्हांस ठेवा, असे म्हणत तेथील ग्रामस्थच पुढे आले.

आपल्या जिल्ह्यासही हा धडा नवा नाही. निजामी अमलात सरकारी कामकाजाची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. अशा काळी, 1921 साली, हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे तेथे शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ हेच 1948 पर्यंतच्या मुक्तिलढ्याचे धुरीण झाले.

पवित्र शास्त्रातील नहेम्या आठवावा. तो राजाचा प्यालेबरदार, सुखात होता. यरुशलेमचा कोट पडला आहे हे ऐकताच तो बसून रडला. पण रडून थांबला नाही. रजा मागून गेला आणि 52 दिवसांत कोट बांधून घेतला. तेथे पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. गरिबांची शेते गहाण घेणाऱ्या सावकारांसही त्याने भर सभेत जाब विचारला. स्तोत्रे गाणाऱ्या लोकांचेच हे राजकारण होते.

येथे आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. राजकारण ही घाण आहे, तिच्यापासून दूर राहा, असे आम्ही वेदीवरून अनेक वर्षे सांगत आलो. तुम्ही आमचे ऐकलेत. मिस्सेला मंदिर भरते. ग्रामसभेत मात्र आपली दोन माणसे दिसली तर पुष्कळ. नळाचे, स्मशानभूमीच्या वाटेचे, शाळेच्या छपराचे ठराव आपणांवाचून होतात व मग आपण कुरकुरतो. हा दोष तुमच्याआधी आमचा आहे.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कच्चे मडके कोणते ते सांगितले, अशी कथा आहे. निवडणुकीच्या दिवसांत ते थापटणे कोणी तेरहून मागवील तर बरे होईल! असो.

आपल्या माताभगिनींस जात्यावरच्या ओव्या अद्याप येतात. त्यांत माहेरची शेते येतात, ओढे येतात, विहिरी नावानिशी येतात. त्यांतील किती विहिरी आज बुजल्या आणि कितींचा गाळ काढता येईल, हे कोणत्याही दप्तरापेक्षा त्या ओव्यांवरून लवकर कळेल. ही यादी येत्या ग्रामसभेपुढे ठेवावयाची आहे. ती मांडणारा मात्र तुमच्यापैकी हवा. भोजनापूर्वी वडीलधाऱ्या स्त्रियांनी मंदिराच्या ओसरीवर थोडे बसावे. वही आम्ही बरोबर आणली आहे.