खालून येणारं पाणी



अलिबागकडे खाडीलगत आमची लहानशी वाडी आहे. तिथली विहीर मे महिन्यात बारा हात खोल दिसते. जुलैत काठावर बसून तांब्या बुडवावा. पहिल्याच पावसाळ्यात पपया पिवळ्या पडून आडव्या झाल्या. गवंडी म्हणाला, शोषखड्डा खणा. पाच फूट खणला, गोटे भरले. सकाळी पाहतो तर खड्डा काठोकाठ आणि त्यात बेडूक!

चूक माझीच. जमीनच तुडुंब भरलेली असेल तर शोषखड्डा पाणी देणार कुणाला? म्हणून आधी परीक्षा करावी. भर पावसाळ्यात एखाद दिवस उघडीप मिळाली की पहारीनं दोन-अडीच फुटांचं भोक पाडा, वर पत्रा झाका आणि दुसऱ्या दिवशी काठी घालून बघा. पाणी वीतभरावर लागलं तर खड्ड्यांचा नाद सोडा. मुळांना हवा लागते. बुडाली की ती कुजतात.

मग चर काढायचे. झाडांच्या दोन ओळींमधून, दीड-दोन फूट खोल, शंभर फुटांना सहा इंच उतार. पण चराला तोंड हवं. आमचा चर खाडीच्या नाल्याला जोडला, तर अमावास्येच्या उधाणाला खारं पाणी उलट वाडीत शिरलं. उपाय शेजारच्या खारबंदिस्तीत, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधात, डोळ्यांसमोर होता: उघाडी. वरून बिजागरीनं टांगलेलं झाप; ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतं, भरतीला बाहेरच्या रेट्यानं मिटतं. तसंच छोटं झाप मी पाइपाच्या तोंडाला बसवलं.

जिथं पाण्याला वाटच नाही, तिथं माती उचलावी. चराची माती गादीवाफ्यांवर घाला, नवी कलमं दोन फुटी उंचवट्यावर लावा. जुन्या आंब्याच्या बुंध्याशी मात्र भराव टाकू नका, तो गुदमरतो. आणि अगदी सखल कोपऱ्याशी भांडू नका. तिथं अळू लावा. आमच्याकडे श्रावणभर फदफदं त्याच कोपऱ्यातलं असतं.

मृग तोंडावर आला की जुने चर उपसून घ्या. आणि पावसाळ्यात विहिरीचं पाणी सर्वांत वर येईल त्या दिवशी कठड्याच्या आत चुन्याची रेघ ओढून ठेवा. पुढच्या वर्षी वाफ्यांची उंची तिथूनच मोजायची आहे.