कूटलेख, कायदा आणि व्यापाऱ्याची पत
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात युसूफ वडगाव येथे केलेले भाषण)



आपल्या वडीलधाऱ्यांनी केज-अंबाजोगाईच्या पेठेत जी खरी पुंजी जमविली, तिचे नाव पत. त्या काळी शब्दावर माल मिळत असे. आज शब्दाची जागा कागदाने घेतली आहे. म्हणूनच खोटा कागद हे पतीवरील सर्वांत मोठे संकट ठरले आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे, हा एक आहे. आपल्या शास्त्राने फार पूर्वी ओळखलेला हा दोष आज संगणकावर अवतरला आहे.

त्याची रीत सोपी आहे. कोणा गरजू माणसाचे आधार, पॅन आणि वीजबिल मिळवायचे, खोटा भाडेकरार जोडायचा आणि त्याच्या नावे करनोंदणी घ्यायची. माल नसतोच, नुसती बिले फिरतात. त्या बिलांवर कोणीतरी कराची वजावट घेतो, शासकीय तिजोरीत मात्र एक रुपयाही जमा होत नाही.

आपल्या राज्यात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर लागू झाला, तेव्हाही हा रोग होताच. विक्रेत्याने कर तिजोरीत भरला असेल तेवढ्यापुरतीच खरेदीदाराला वजावट, ही त्या कायद्यातील तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरविली. पुढे महाराष्ट्र वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ आला. त्यानुसार मालाशिवाय दिलेल्या बिलांतील कर पाच कोटींहून अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत, दोन ते पाच कोटी असल्यास तीन वर्षांपर्यंत आणि एक ते दोन कोटी असल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. पडद्यामागे राहून लाभ घेणाराही दंडातून सुटत नाही. १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात केंद्र व राज्यांनी मिळून बनावट नोंदण्या शोधण्याची देशव्यापी मोहीम राबविली.

कायदा कठोर आहे. पण गाफील माणूसही त्यात भरडला जातो, हे मी अनुभवाने सांगतो. एकदा दलालामार्फत मी लोखंडी पत्रे घेतले. भाव बाजारापेक्षा थोडा कमी होता. का, हे मी विचारले नाही. माल आला, धनादेश दिला. पुढे त्या विक्रेत्याची नोंदणीच मागील तारखेपासून रद्द झाली. माझ्याकडे ना बिल्टी होती, ना वजनकाट्याची पावती. घेतलेली वजावट व्याजासह परत भरावी लागली. पैशांपेक्षा नोटीस हाती घेताना वाटलेली लाज अधिक बोचली. कर्नाटकातील कॉफी व्यापाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०२३ रोजी हेच सांगितले : केवळ बिल आणि धनादेश पुरेसे नाहीत, माल खरोखर आला, हे खरेदीदाराने सिद्ध केले पाहिजे.

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. नव्या व्यापाऱ्याचा पंधरा अक्षरी करक्रमांक शासनाच्या जीएसटी संकेतस्थळावर पाहावा. नोंदणी चालू आहे का, विवरणपत्रे भरली जातात का, हे तेथे विनामूल्य कळते. बिल्टी व काट्याची पावती बिलासोबत जपावी. तेथेच आपला पॅन घालून, त्यावर कोणी परस्पर नोंदणी घेतली नाही ना, हेही अधूनमधून तपासावे. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : कर्जाच्या वा कमिशनच्या आमिषाने आधार-पॅन कोणाच्या हाती देऊ नये. आपल्या दुकानातील नोकरांना आणि घरातील वृद्धांना हे आवर्जून समजावून सांगावे. फसवणूक करणारा प्रथम त्यांच्याकडेच जातो.

पन्नास वर्षांची पत एका खोट्या कागदाने जाऊ शकते. हिशेबाची वही अशी असावी, की ती कोणापुढेही निःसंकोच उघडता यावी.